वाचकांची पत्रं : वर्षाला फेऱ्या किती?

पत्र पहिलं

*ताई, मी कोपरीला, ठाणे पूर्वेत राहते. वय ६३. मिस्टर सरकारी नोकरीत होते, मागच्या वर्षी गेले. मला फॅमिली पेन्शन १४,२०० रुपये येते, ती एका राष्ट्रीयीकृत बँकेत जमा होते. त्यांच्या ठेवी आणि विमा मिळून २४ लाख रुपये त्याच बँकेत माझ्या सेव्हिंग खात्यात आठ महिने पडून आहेत. मुलगा पुण्याला असतो, तो म्युच्युअल फंड म्हणतो. शेजारच्या वहिनी सांगतात, त्यांच्या पतसंस्थेत १२ टक्के मिळतात. बँकेतला एक मुलगा 'एफडीसारखंच आहे, पण फायदा जास्त' म्हणून सारखा फोन करतो. मला यातलं काही कळत नाही, आणि खरं सांगायचं तर शिकायचंही नाही. महिन्याचा खर्च २४ हजार आहे. पैसे एकदा कुठेतरी ठेवावेत आणि विसरून जावं, असं काही आहे का?*

'शिकायचंही नाही' हे मोकळेपणानं लिहिलंत, बरं केलंत. मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा नौपाड्यातल्या एका शाखेच्या काउंटरवर. काचेपलीकडच्या निम्म्या लोकांच्या मनात हेच असायचं. तोंडानं मात्र 'हो हो, समजलं' म्हणायचे आणि बोट दाखवलं तिथे सही करायचे. शिकायचं नसेल तर तसं सांगून टाकावं. मग झेपेल असंच काहीतरी सुचवता येतं.

आठ महिने पैसे पडून राहिले म्हणून मनाला लावून घेऊ नका. सेव्हिंगला अडीच-तीन टक्के मिळतात, म्हणजे थोडं नुकसान झालंच. पण घरातलं माणूस गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत घाईनं सह्या करणाऱ्यांचं याहून मोठं नुकसान झालेलं मी पाहिलंय. तेराव्याच्या आत पॉलिसी विकायला येणारे लोक असतात.

माझा आक्षेप आहे तो 'विसरून जावं' याला. आमचे सासरे २०११ मध्ये गेले. त्यांच्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्याला दोन रबरबँड लावलेले. आत सतरा पावत्या, नऊ बँकांच्या. माणूस हुशार आणि हिशेबी. पाव टक्का जास्त मिळतो म्हटलं की दादर असो की डोंबिवली, छत्री घेऊन निघायचे. त्यातली ४०,००० रुपयांची एक पावती अशी निघाली की तिच्यावर वारसाचं, म्हणजे नॉमिनीचं, नावच नव्हतं. चार भावंडांच्या सह्या, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, आणि एक नणंद परदेशात. मी स्वतः बँकेत नोकरीला असून मला सात महिने लागले. शेवटी पैसे हातात आले त्या दिवशी मी हिशेब केला : ४०,००० वर पाव टक्का म्हणजे वर्षाला १०० रुपये. त्या शंभर रुपयांसाठी ती पावती त्या बँकेत होती.

तेव्हापासून कोणी कुठलीही योजना सांगितली की मी टक्क्यांच्या आधी विचारते, वर्षाला फेऱ्या किती? बँकेत किती वेळा जावं लागेल, किती कागद सांभाळावे लागतील, आणि मी अंथरुणाला खिळले तर हे काम माझ्यावाचून चालेल का? टक्के जाहिरातीत असतात, फेऱ्या कुठेच छापलेल्या नसतात.

पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. ती एक फेरी तुम्हाला चुकत नाही. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' म्हणून तो घरबसल्याही देता येतो, बोटांचे ठसे उमटेनासे झाले तर आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही, पण तेही जमलं नाही तर परत बँक आलीच. दुसरी फेरी एप्रिलात, तिचं कारण पुढे सांगते. तुमची सगळी मांडणी या दोन फेऱ्यांत बसली पाहिजे. आणि ती बसते.

तुम्ही साठीच्या वर आहात, म्हणून ज्येष्ठ नागरिक बचत योजना, जिला सगळे सिनिअर सिटिझन स्कीम म्हणतात, तिच्यात १८ लाख घाला. योजना केंद्र सरकारची, २००४ पासूनची. पोस्टात मिळते आणि बँकेतही मिळते. तुम्ही बँकेतच उघडा. पोस्ट वाईट म्हणून नव्हे, तर पेन्शनचं खातं ज्या छताखाली आहे तिथेच हे राहावं म्हणून. एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत पाच वर्षं, पुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येते. सरकार दर तिमाहीला नवे दर जाहीर करतं. २०२४-२५ मध्ये दर ८.२ टक्के होता. ज्या दिवशी खातं उघडाल त्या दिवशीचा दर तुमच्यापुरता पाच वर्षं बदलत नाही. मला या योजनेतलं सगळ्यात आवडतं ते हेच. नंतर दर खाली गेले की वर, ते वर्तमानपत्रात शोधत बसायचं काम उरत नाही.

८.२ नं १८ लाखांचं वर्षाचं व्याज १,४७,६०० होतं. ते एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला ३६,९०० प्रमाणे सेव्हिंग खात्यात येऊन पडतं. महिन्याला १२,३०० धरा. पेन्शन मिळवली की २६,५०० झाले आणि तुमचा खर्च २४,०००. खातं उघडताना त्या तिमाहीचा दर विचारून हाच गुणाकार पुन्हा करा. व्याज सेव्हिंग खात्यातच वळतं करा म्हणून अर्जावर आठवणीनं लिहा. न उचललेलं व्याज योजनेत नुसतं पडून राहतं, त्याला व्याजावर व्याज नाही.

काउंटरवर कोणी 'त्याचे फॉर्म संपलेत, त्यापेक्षा हे घ्या' म्हणालं, तर 'फॉर्म येईपर्यंत मी इथेच बसते' म्हणा आणि बाकावर बसा. फॉर्म सापडतो. मी काउंटरच्या आतल्या बाजूची आहे, मला माहीत आहे.

सगळे २४ लाख त्यात का नाही? पाच वर्षांच्या आत काढले तर कापतात म्हणून. पहिल्या वर्षातच बंद केलं तर दिलेलं व्याज मुद्दलातून वळतं करून घेतात. एक ते दोन वर्षांत दीड टक्का, त्यानंतर एक टक्का. उद्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर त्यासाठी ही ठेव मोडायची वेळ येऊ नये. म्हणून ४ लाख त्याच बँकेत एफडी करा. एक पावती करू नका, एकेक लाखाच्या चार करा. पैसे लागतात तेव्हा बहुधा ७०-८० हजार लागतात, आणि ४ लाखांची पावती असली की तेवढ्यासाठी अख्खी मोडावी लागते. चारही पावत्यांवर 'मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण' असं लिहून घ्या. हे लिहिलं नसेल आणि तुम्ही गेला नाहीत, तर मुदत संपल्यावर त्या पैशांवर सेव्हिंगचा दर आणि ठरलेला दर यांतला जो कमी असेल तोच मिळतो. रिझर्व्ह बँकेचा २०२१ पासूनचा नियम आहे. विसरणाऱ्याला बसणारा दंड तो हाच.

राहिलेले २ लाख सेव्हिंगमध्येच असू द्या. तिमाही व्याज आणि महिन्याचा किराणा यांच्यातली दरी त्यातून भरून निघेल. महिन्याला अडीच हजार शिल्लक पडतायत, त्यातली २,००० ची आरडी लावून द्या, खात्यातून आपोआप जाईल. हे शिल्लक टाकणं ऐच्छिक समजू नका. व्याज पाच वर्षं तेवढंच राहणार आहे आणि गॅसचा सिलिंडर तेवढ्याला राहणार नाही.

आता एप्रिलची फेरी. तुमचं सगळं उत्पन्न मिळून साडेतीन लाखांच्या आसपास बसतं, नव्या कररचनेत त्यावर कर नाही. पण ज्येष्ठांचं व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की बँक टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तुमचं जाणार. म्हणून दर एप्रिलात 'कर लागत नाही, कापू नका' असा अर्ज द्यायचा. काउंटरवर त्याचं जुनं नाव, 'फिफ्टीन एच', म्हटलंत की सगळ्यांना कळतं. दिला नाही तर कापलेले पैसे परत मिळतात, पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं, म्हणजे मुलाच्या किंवा सीएच्या मागे लागणं आलं.

वहिनींच्या १२ टक्क्यांबद्दल. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत देतं, त्या बँकेच्या सगळ्या शाखा धरून. ४ फेब्रुवारी २०२० च्या आधी हीच मर्यादा १ लाख होती, आणि ती १९९३ पासून तशीच होती. सहकारी बँकांनाही हा विमा आहे. पतसंस्थेला नाही. वहिनींची पतसंस्था चांगली चाललेलीही असेल, त्यांच्या ओळखीचे संचालकही असतील. पण १२ टक्के व्याज देणाऱ्या संस्थेला ते पैसे १५-१६ टक्क्यांनी कुणाला तरी कर्जाऊ द्यावे लागतात, आणि त्या दरानं कर्ज उचलणारा कोण असतो याचा विचार रात्री दोन वाजता करावा लागतो. तुम्हाला झोप हवी आहे.

त्या फोन करणाऱ्या मुलाशी भांडू नका, त्याला महिन्याचं टार्गेट असतं. 'एफडीसारखंच' म्हणजे एफडी नाही, एवढं ओळखा. बहुतेक वेळा ती विम्याची पॉलिसी असते, वर्षानुवर्षं हप्ता भरायची. माझ्या सख्ख्या बहिणीला अशी एक गळ्यात मारली होती. 'एकदाच पैसे भरायचेत' असं तिला तोंडी सांगितलं होतं आणि कागदावर हप्ते होते दहा वर्षांचे. तिनं कागद मला दाखवले ते दुसऱ्या वर्षीचा हप्ता मागायला फोन आला तेव्हा. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, ती मुदत केव्हाच उलटून गेली होती. तो मुलगा पुन्हा फोन करील तेव्हा सांगा, 'व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठव की ही एफडी आहे.' लिहून येणार नाही.

मुलगा म्हणतो ते चूक नाही, फक्त ते त्याच्या वयाचं उत्तर आहे. बाजार तीस टक्के खाली आला तर तो सात वर्षं थांबू शकतो. तुम्ही पेपर उघडून घाबराल, त्याला फोन कराल, आणि नेमक्या चुकीच्या दिवशी पैसे काढाल. त्याचं मन मोडवत नसेल तर चारांतली एक पावती त्याच्या फंडाला द्या आणि त्या लाखाबद्दल त्यालाच विचारत जा.

शेवटचं काम कागदाचं. माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक पान चिकटवलेलं आहे, शाळेच्या वहीचं, दोन रेघांचं. त्यावर बँकेचं नाव आणि शाखा, कोणत्या खात्यात काय आहे, पावत्या कुठल्या फाइलमध्ये आहेत, वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय, आणि लॉकरची किल्ली कुठे आहे, एवढंच. पिन आणि पासवर्ड त्यावर नाहीत, तेही लिहून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. दर दिवाळीला मी खाली नवी तारीख टाकते. तुमचं पान सहा ओळींत संपेल. त्याचा मोबाइलवर फोटो काढून मुलाला पाठवा. आणि योजना, पावत्या, सेव्हिंग या प्रत्येकावर वारसाचं नाव लागलंय का ते स्वतः वाचून बघा. तुमच्या सेव्हिंग खात्यावर बहुधा अजून मिस्टरांचंच नाव असेल. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींना चारपर्यंत नावं लावता येतात. तुम्हाला एक पुरे.

पत्र दुसरं

*मॅडम, मी २७ वर्षांचा आहे, ऐरोलीत एका आयटी कंपनीत आहे, पगार हातात ६२ हजार. दोन नोकऱ्या बदलल्या. फोनवर गुंतवणुकीची पाच अ‍ॅप्स आहेत, त्यात थोडे थोडे पैसे पडले आहेत: कुठे डिजिटल सोनं, कुठे तीन-चार फंड, कुठे शेअर. रोज बघतो आणि रोज डोकं फिरतं. सोपं काय करू?*

तुमचं दुखणं वरच्या काकूंच्या उलट आहे. त्यांना फेऱ्या नको आहेत, तुम्ही लोकलमध्ये उभ्या उभ्या रोज पन्नास फेऱ्या मारताय.

तुमची सगळ्यात कमी कष्टाची बचत आधीपासून चालू आहे आणि तुम्ही पत्रात तिचा उल्लेखही केला नाहीत. पीएफ. मूळ पगाराच्या १२ टक्के तुमचे जातात, कंपनी तेवढेच घालते. २०२४-२५ साठी व्याज ८.२५ टक्के. आधीच्या दोन नोकऱ्यांचा पीएफ आताच्या खात्यात आलाय का ते या रविवारी बघा. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, एकच असला तरी मागची शिल्लक आपोआप सरकलीच असेल असं धरून चालू नका. आणि वारसाचं नाव ऑनलाइन भरा. बिनलग्नाची मुलं हे कधीच करत नाहीत.

बाकी तीनच गोष्टी. सहा महिन्यांचा खर्च पगाराच्याच बँकेत, ऑटो स्वीपची सोय मागून घेऊन. ठरलेल्या रकमेच्या वरचे पैसे आपोआप एफडीत जातात आणि लागले की एटीएममधून निघतात. दुसरं, पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीचं खातं. वर्षाला कमीत कमी ५००, जास्तीत जास्त दीड लाख, मुदत १५ वर्षं. त्यात महिन्याचं व्याज ५ तारखेच्या अखेरपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकीवर मोजतात, म्हणून पैसे ३ तारखेला वळते होतील अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. ६ तारखेला भरलेत तर त्या पैशांचं त्या महिन्याचं व्याज गेलं. तिसरं, निफ्टी ५० चा एकच इंडेक्स फंड, डायरेक्ट प्लॅन, म्हणजे एजंटाशिवाय थेट घेतलेला, महिन्याला झेपेल तेवढी एसआयपी. त्यात फंड मॅनेजरच्या हुशारीवर भिस्त नसते, निर्देशांकात जे आहे तेच घेतात. म्हणून खर्चही कमी आणि बघण्यासारखंही काही नसतं.

उरलेल्या अ‍ॅप्समधलं एका जागी आणा आणि अ‍ॅप्स काढून टाका. काढण्याआधी तिथली खाती रीतसर बंद करा, नाहीतर तुमचाही बिस्किटांचा डबा होईल, फक्त त्याला गंज लागत नाही एवढंच. बँकेत दहा वर्षं कोणी हात न लावलेली शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. अशा हरवलेल्या ठेवी शोधायला २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल काढावं लागलं, यावरून असे डबे देशात किती असतील ते बघा. जमलं तर आजोबांचं नावही तिथे घालून बघा.

पत्र तिसरं

*ताई, आम्ही कळव्याच्या एका चाळीतल्या बारा जणी महिन्याला २,००० ची भिशी लावतो. मिस्टर म्हणतात, त्यात व्याज नाही, मूर्खपणा आहे, आरडी लाव. नणंद दरवर्षी पहिला नंबर मागते. भिशी सोडू का?*

हिशेबात मिस्टर बरोबर आहेत. तेच २,००० वर्षभर आरडीत टाकले तर साडेसहा टक्क्यांनी आठशेच्या वर व्याज होतं. भिशीत २४ हजार भरून २४ हजारच मिळतात. शिवाय कोणी मध्येच घर बदलून गेली तर दाद कुणाकडे मागणार?

पण भिशीत एक गंमत आहे, ती त्यांच्या लक्षात आलेली नाही. जी पहिला नंबर उचलते ती बिनव्याजी कर्ज घेते आणि अकरा महिने फेडते. जी शेवटचा उचलते ती बचत करते. एकाच भिशीत दोन्ही चाललेलं असतं. नणंदेला हे कळलेलं आहे, तुम्ही अजून नंबरावरून भांडताय. तुम्हाला बचत करायची आहे ना, मग शेवटचा नंबर मागून घ्या, त्यासाठी कोणी भांडणार नाही.

आरडीचा हप्ता चुकला तर बँकेतून एक मेसेज येतो, फार तर दंड लागतो. भिशीचा चुकवला तर अकरा जणी नळावर विचारतात. ज्यांच्या हातात पैसा टिकत नाही त्यांच्या बाबतीत ही अकरा तोंडं आठशे रुपयांहून जास्त कामाची आहेत. तुमच्या हातात टिकत असेल तर भिशी हजाराची करा आणि उरलेल्या हजाराची पोस्टात आरडी लावा. ती १०० रुपयांपासूनही लागते, फक्त मुदत पाच वर्षांची असते हे धरून चाला.

आमच्या शाखेतली भिशी १९८७ मध्ये सुरू झाली. मी नेहमी शेवटची. तिसऱ्या वर्षीच्या पैशांतून शिलाई मशीन घेतलं, ते अजून चालतं. नणंदेला पहिला नंबर देऊन टाका. फक्त तिच्यासाठी जामीन राहू नका.